वाकायचं कुणी? आजाऱ्याच्या पलंगाचा इतिहास

आज आपण पलंगाचा इतिहास पाहणार आहोत. राजवाड्यातला नक्षीदार पलंग नाही, घरात महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाचा पलंग. बीडला किंवा अंबाजोगाईला सर्जिकल साहित्याच्या दुकानात जाऊन सांगा की वडिलांना पक्षाघात झालाय, घरी पलंग न्यायचाय. दुकानदार विचारतो, "सेमी-फाउलर देऊ की फुल फाउलर?" म्हणजे एका हँडलचा की दोन हँडलचा. एका हँडलने फक्त पाठ उचलते, दुसऱ्याने गुडघे. पावतीवर हे फाउलर नाव छापून येतं, पण हा फाउलर कोण, ते कुणी विचारत नाही.

जॉर्ज रायर्सन फाउलर हा अमेरिकेत ब्रुकलिनला शल्यविशारद होता. पोटात पू पसरला की रोगी हमखास दगावायचा, तो काळ. 1900 साली त्याने आपले नऊ रोगी प्रसिद्ध केले, नऊही बरे झालेले. त्याची युक्ती साधी होती. शस्त्रक्रियेनंतर डोकं आणि धड उंच ठेवायचं, म्हणजे पोटातला पू खाली ओटीपोटाकडे उतरतो. फाउलरने दिली ती ही स्थिती. हँडलचा पलंग त्याने दिलेला नाही. उंच टेकवलेला माणूस खाली घसरतो, हे आपण घरी रोज बघतो. ती घसरण थांबवायला विलिस गॅच या दुसऱ्या अमेरिकी शल्यविशारदाने 1909 मध्ये पलंगाचे तुकडे केले. पाठीचा भाग वेगळा उचलायचा, गुडघ्यांखालचा वेगळा. म्हणजे आपल्या दुकानात विकला जातो तो खरं तर गॅचचा पलंग. नाव मात्र फाउलरचं राहिलं. इतिहासात असं फार होतं.

त्याच 1909 साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहत होतं, आणि तिथल्या मुलींना, विधवांना परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून पुढे प्रयत्न झाले. एकीकडे शुश्रूषेसाठी यंत्र येतंय, दुसरीकडे शुश्रूषेसाठी बाई तयार होतेय. आमच्या मते या विषयाचा सगळा इतिहास या दोन धाग्यांचा आहे, आणि ते धागे फार उशिरा एकत्र आले.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पलंग नव्हता असं कुणी समजू नये. बाज होती. लाकडी चौकट, सुतळीची किंवा काथ्याची वीण, आणि पायथ्याला ताण देणारी दोरी. ती दोरी सैल केली की बाज मधोमध खोल होते, ताणली की सपाट. वीण विरळ, त्यामुळे खालून वारा लागतो, आणि बाळंतिणीला शेक द्यायला खाली शेगडी ठेवता येते. पण बाजेला आपल्या मनात एक वेगळी जागा आहे. "म्हातारा बाजेला लागला" म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं कळतं. शेवटची घटका आली की माणसाला बाजेवरून खाली जमिनीवर घ्यायची रीत होती. त्यामुळे दवाखान्यासारखा लोखंडी पलंग घरात आणायचा म्हटलं की जुनी माणसं आजही बिचकतात. पलंग आला म्हणजे आशा सोडली, असं त्यांना वाटतं. यावर हसू नये.

आपल्या जुन्या वैद्यकात शुश्रूषा करणाऱ्याला मोठा मान होता. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक कसा हवा? काम जाणणारा, चपळ, रोग्यावर जीव असलेला, स्वच्छ. सुश्रुताने जखमी माणसाचं अंथरूण ऐसपैस आणि नीट पसरलेलं हवं असं सांगितलं. सगळं बरोबर आहे. पण त्या परिचारकाच्या कमरेचं काय, हे या यादीत कुठे येत नाही.

युरोपातही ते आलं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात पलंगाबद्दल बरंच लिहिलंय. पलंग उजेडात हवा, रोग्याला खिडकीतून बाहेर दिसायला हवं, आणि पलंग कोचापेक्षा उंच नको, कारण चढण्या-उतरण्यातच दुबळ्या माणसाची शक्ती संपते. हे रोग्याच्या बाजूने अगदी खरं. पण बुटक्या पलंगावरच्या माणसाला पुसायला, कपडे बदलायला, कुशीवर वळवायला दुसऱ्याला कंबरेतून वाकावं लागतं. म्हणून इस्पितळांचे पलंग पुढे उंच राहिले. रोग्याला बुटका हवा, करणाऱ्याला उंच. हे भांडण मिटतं ते फक्त उंची खाली-वर करता येणाऱ्या पलंगाने. हँडलचा असा पलंग मिळतो, विजेचाही मिळतो. पण तो महाग, म्हणून घरी येतो तो बहुतेकदा एक किंवा दोन हँडलचा. फाउलर आला, गॅच आला, कमरेचा विचार तेवढा मागे राहिला.

आणि बीड जिल्ह्यात ही कंबर कुणाची आहे? दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती जोडी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते, उचल फिटेपर्यंत राबते. मागे गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. म्हणजे थंडीत पक्षाघाताच्या म्हाताऱ्याला वळवायला घरात असते ती त्याचीच म्हातारी. उन्हाळ्यात सून परत येते, ती चार-पाच महिने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून. या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. त्या बाईने घरी येऊन सासऱ्याला दिवसातून आठ-दहा वेळा उचलायचं आहे. पलंगाची उंची ही तिच्यासाठी चैन म्हणता येईल का?

लोक यावर तोड काढतात. पलंगाच्या चारही पायांखाली विटा देतात. करणाऱ्याची पाठ वाचते, पण पलंग रात्रीही तेवढाच उंच राहतो. लघवीला उठायला गेलेला म्हातारा अंधारात पडला की खुब्याचं हाड मोडतं. मग लोक कठडे लावतात. कठड्यांचाही इतिहास वाचण्यासारखा आहे, आणि तो भीतिदायक आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाकडे 1985 ते 2013 या काळात पलंगाच्या कठड्यात किंवा फटीत माणूस अडकल्याच्या 901 नोंदी आल्या, त्यातली 531 माणसं गेली. भ्रमिष्ट झालेलं माणूस कठड्यावरून चढायला बघतं, नाहीतर गादी आणि कठड्याच्या फटीत मान अडकते. म्हणून गादी चौकटीत घट्ट बसणारी हवी. पलंग रात्री शक्य तितका खाली हवा. विटाच लावायच्या असतील तर त्या पक्क्या, न हलणाऱ्या, आणि रात्री शेजारी कुणीतरी झोपलेलं.

पाठ किती उचलायची, यातही पेच आहे. भरवताना आणि त्यानंतर अर्धा तास माणूस नीट टेकून बसलेला हवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. पण दिवसभर तसाच बसवून ठेवला तर तो खाली सरकतो आणि माकडहाडाजवळची कातडी ओढली जाते, तिथूनच जखम सुरू होते. म्हणून एरवी पाठ साधारण 30 अंशांच्या आत. आणि हँडल फिरवताना आधी गुडघे, मग पाठ. गॅचने दुसरा सांधा दिला तो याचसाठी, पण दुकानात हा क्रम क्वचितच कुणी सांगतं.

पलंग कितीही चांगला असो, कुशीवर वळवणं सुटत नाही. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान यांनी 1944 पासून मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, वळवायला लावलं. त्याआधी असे सैनिक पाठीच्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरत. तिथे पाळ्या करणाऱ्या परिचारिका आणि मदतनीस होते. आपल्या घरात एकच म्हातारी आहे. हवेची गादी मदत करते खरी, पण ती विजेवर फुगते. वीज गेली की ती हळूहळू बसते, तेव्हा खाली साधी जाड गादी असावीच.

मग सरकारने काय दिलं? 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कवळी, चष्मा होता. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, 65 वर्षांवरच्यांना एकदाच 3000 रुपये, थेट खात्यात. तिच्या यादीत कमोड खुर्ची आहे, कमरेचा पट्टा आहे. दोन्ही याद्या नीट पाहिल्या तर त्या उठू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी आहेत. जो उठूच शकत नाही त्याच्यासाठी, आणि त्याला उठवणाऱ्यासाठी, त्यात पलंग नाही. म्हणून आज आधार उरतो तो गावोगावच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांचा. अनामत भरायची, पलंग न्यायचा, काम झालं की परत द्यायचा. तिथे गेलात तर एक प्रश्न विचारा: याची उंची खाली-वर होते का?