न कळकलेलं दूध

मराठीत ‘कळकणं’ असं एक क्रियापद आहे. पितळेच्या भांड्यात ताक राहून गेलं, कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटीला चिंच पडली, की पदार्थाला हिरवट झाक येते आणि जिभेवर धातूची चव चढते. मग तो पदार्थ कळकला. माझी आजी असा पदार्थ चाखून बघायच्या भानगडीत पडत नसे, सरळ ओतून देई. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या माझ्या मुलीला परवा हा शब्द समजावून सांगावा लागला. सांगता सांगता लक्षात आलं की भांड्यातलं तांबं अन्नात उतरतं आणि ते पोटाला वाईट, हे आपल्या भाषेला फार आधीपासून ठाऊक होतं. तरीही याच तांब्याने आपल्याकडची किती तरी तान्ही मुलं नेली, आणि ते कळायला डॉक्टरांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. कारण हे तांबं ज्यातून पोटात गेलं, ते कधी कळकल्यासारखं दिसत नाही. ते म्हणजे दूध.

कळकण्यावरचा घरोघरचा उपाय होता कल्हई. हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला. अरबीत तो कथलालाच म्हणतात, आणि मलायाच्या किनाऱ्यावरच्या कलह नावाच्या जुन्या बंदराशी त्याचं नातं जोडलं जातं. तिकडचं कथील अरब व्यापारी पश्चिमेकडे नेत. आपल्याकडे धातू कथीलच राहिला आणि कल्हई हे त्या कामाचं नाव झालं. कल्हईवाला आळीत आला की जमिनीत छोटा खड्डा करून भाता पुरायचा, कोळसे पेटवायचा. भांडं राखेने, चिंचेने लख्ख घासून निखाऱ्यावर लालसर तापवायचा आणि आत नवसागराची पूड टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाकाला झोंबे. नवसागराने धातूवरचा गंज सुटतो आणि कथील चिकटायला जागा मिळते. मग कथलाची कांडी तापल्या भांड्यावर टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात, म्हणून भांडं न वितळता कथील पाण्यासारखं पसरतं. कापडाच्या बोळ्याने ते झरझर सगळीकडे पुसून घेतलं, की पिवळं पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवताना येणारा चुर्र आवाज ऐकायला आम्ही मुलं कोंडाळं करून उभी राहायचो.

पण कल्हईला पैसे पडत. ती दर काही महिन्यांनी उडे. त्यामुळे ती कुठल्या भांड्याला करायची, याचा हिशेब असे. आमच्या घरी आमटीचं पातेलं, ताकाचं भांडं, कढीची कढई यांचा नंबर आधी लागे, कारण तिथे आंबट पडायचं. दूध तापवायचं पितळी भांडं मात्र बाहेरून-आतून सोन्यासारखं पिवळं झळकायचं. दुधाला काय होणार होतं? ते हिरवं पडत नव्हतं, तोंड वाकडं करायला लावत नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाकडून बघू. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लहान मुलांच्या वाढलेल्या यकृताबद्दल लिहिलं. पुढे या आजाराला इंग्रजीत भारतीय बालकांचा सिरॉसिस (यकृतात वण पडून ते निकामी होणं) अशा अर्थाचं नाव पडलं. आपल्या घरांत त्याला नुसतं ‘लिव्हर’ म्हणत. ‘त्यांच्या बाळाला लिव्हर झालं’ एवढंच वाक्य, आणि ऐकणाऱ्या बाया गप्प होत. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचं मूल. आधी किरकिर, मंद भूक, फुगलेलं पोट. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला की यकृताची टणक, पातळ, धारदार कड बोटांना लागायची. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा वर्षभराच्या आत शेवट. कधी एकाच घरात एकामागून एक मुलं जायची. दारूचा थेंब न घेतलेल्या एवढ्याशा जिवाच्या यकृतात, सूक्ष्मदर्शकाखाली, अट्टल मद्यप्याच्या यकृतात दिसतात तसेच गुठळ्यांचे डाग दिसायचे.

कारण शोधण्यात पिढ्या गेल्या. संसर्ग असेल, आईबापांच्या रक्तातला दोष असेल, कुपोषण असेल. म्हैसूरकडच्या डॉक्टरांनी बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषावर बोट ठेवलं. तो संशय निराधार नव्हता. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत बुरशीचा मका खाऊन माणसं काविळीने दगावली, तेव्हा कारण अफ्लाटॉक्सिनच होतं. पण तिथे मोठी माणसंही आजारी पडली होती, आणि सगळा प्रकार एका हंगामात उद्भवला. ‘लिव्हर’ तसं नव्हतं. ते बारा महिने, वर्षानुवर्षं, फक्त लहानग्यांना गाठत होतं. कुपोषणाचं उत्तरही बसत नव्हतं. हा आजार सर्वांत गरीब घरांपेक्षा खेड्यातल्या बऱ्यापैकी खात्यापित्या घरांत जास्त दिसे. माझ्या मते सगळ्यात मोठा धागा तिथेच होता: ज्या घरात बाळासाठी जनावराचं दूध आणि ते तापवायला पितळेचं भांडं, दोन्ही परवडत होतं, ते घर.

हा धागा पुढे आला तो एका रंगामुळे. ऑर्सिन नावाच्या रंगाने यकृताचे काप रंगवले की तांबं धरून बसलेली प्रथिनं गडद तपकिरी दिसतात. १९७८-७९ च्या सुमारास लंडनमधल्या आणि दिल्ली-न्यूयॉर्कच्या संशोधकांनी या मुलांच्या यकृतांत असे दाट तपकिरी कण दाखवले. मग प्रत्यक्ष मोजमाप झालं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. शरीरात तांबं साचणाऱ्या विल्सन आजाराचं निदान करताना २५० चा आकडा पाहतात. या मुलांच्या यकृतात तो ८०० पासून ६,००० च्याही वर निघाला.

विल्सन आजारात तांबं बाहेर टाकण्याची यंत्रणाच जन्मजात बिघडलेली असते, पण तो सहसा पाच वर्षांच्या आत दिसत नाही आणि रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, त्यात कमी असतं. या मुलांचं कमी नव्हतं. म्हणजे तांबं बाहेरून येत होतं. कुठून, हा प्रश्न उरला.

तो सुटला पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम करताना प्रयोगशाळेइतकंच लक्ष आयांच्या बोलण्याकडे दिलं. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? कशात तापवलं, कशात ठेवलं? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या भांड्यांतून आलेलं होतं. १९८७ साली आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराच्या इतिहासाची तुलना करून त्यांनी हेच आणखी पक्कं केलं. मला या शोधातली ही चौकशी फार मोलाची वाटते. कुणाच्या घरात कुठलं भांडं वापरतात, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नव्हता. तो स्वयंपाकघरातला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर फक्त बाईपाशी होतं.

दूधच का, याचंही उत्तर मिळालं. पितळेत साठ-सत्तर टक्के तांबं असतं, बाकीचं जस्त. त्यात ठेवलेल्या पाण्यात तांबं उतरतं ते बेताचं. दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे दूध भांड्यातून तांबं ओढत राहतं. तापवलं, तासन्‌तास ठेवलं, पुन्हा तापवलं, की आणखी. तिकडे बाळाचं यकृत जन्मतःच तांब्याने भरलेलं असतं. गर्भातच ती शिदोरी मिळालेली असते, कारण आईच्या दुधात तांबं फार थोडं असतं आणि पहिले महिने त्या शिदोरीवर काढायचे असतात. जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकण्याची ताकद अजून कोवळी असते. निसर्गाने सारा हिशेब आईच्या दुधावर बसवलेला, आणि त्यात पहिल्या काही आठवड्यांतच पितळेतलं दूध येऊन पडायचं.

यकृताला विषाने होणारी इजा एकाच जातीची नसते, हे इथे सांगायला हवं. पॅरासिटॅमॉलची मोठी मात्रा पोटात गेली तर यकृत दोन-तीन दिवसांत कोसळतं. त्याची पहिली नोंद एडिनबरोची, १९६६ ची. पण ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत बहुधा वाचतं. आपल्याकडे औषधांनी होणाऱ्या इजेत क्षयाच्या गोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा. ती सहसा पहिल्या दोन महिन्यांत उद्भवते, मात्रेवर ठरत नाही, कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, आणि वेळेवर गोळ्या थांबवणं हाच मुख्य इलाज. या दोन जातींचा शेवट किती वेगळा होतो, ते २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत दिसलं. १७ केंद्रांतल्या, यकृत अचानक निकामी झालेल्या ३०८ रुग्णांपैकी पॅरासिटॅमॉलवाले ६८ टक्के प्रत्यारोपणाशिवाय वाचले. इतर औषधांनी इजा झालेल्यांत हेच प्रमाण २५ टक्के होतं. आघात जोराचा होता तिथेच माणसं जास्त वाचली, कारण विष ओळखीचं होतं, वेळ ठाऊक होती आणि उतारा तयार होता.

तांब्याची इजा या दोन्हींपेक्षा वेगळी. एक दिवस, एक गोळी असं दाखवायला काही नाही. रोज वाटीभर दूध, महिनोन्‌महिने. कावीळ दिसेपर्यंत यकृतात वण पडून गेलेले. इथेही उतारा होताच. पेनिसिलामाइन तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढतं. १९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी ते विल्सन आजारात वापरायला सुरुवात केली. पुण्यात ते या मुलांना देऊन पाहिलं. कावीळ आणि जलोदर झालेल्या मुलांना ते वाचवू शकलं नाही. कावीळ दिसण्याआधी ज्यांना मिळालं, त्यांतली बरीच जगली, आणि काहींचं यकृत पुढच्या तपासणीत जवळजवळ निरोगी दिसलं. सिरॉसिस मागे फिरत नाही असं मानणाऱ्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

हा आजार ‘भारतीय’ म्हणून ओळखला गेला, ते नाव मात्र चुकीचं ठरलं. १९९६ साली ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातल्या डॉक्टरांनी जुनी कागदपत्रं काढली. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या खेड्यांत १३८ बाळं हुबेहूब अशाच यकृताच्या आजाराने गेली होती. तिथेही गाईचं दूध, तेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळलेलं. ती भांडी गेली आणि आजारही गेला. आल्प्सच्या कुशीतल्या त्या आया आणि आपल्याकडच्या खेड्यांतल्या आया एकाच दुःखाच्या वाटेने गेल्या, एकमेकींची नावंही न कळता.

पण सगळा दोष एकट्या तांब्याचा नव्हता. टिरोलमध्ये हा आजार काही घराण्यांतच होता, वारशाने येणाऱ्या दोषासारखा. आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तीन गावांत नळाच्या पाण्यात भरपूर तांबं असूनही तिथली लहान मुलं यकृताच्या आजाराने दगावल्याचं आढळलं नाही. भारतातही काही डॉक्टरांनी सगळे रुग्ण पितळेवर ढकलायला हरकत घेतली. मला वाटतं हरकत बरोबर होती आणि पुण्याचं उत्तरही बरोबर होतं. रक्तात काहीतरी कमकुवत दुवा असणार, तो तुटायला पितळेतलं दूध लागलं. रक्त बदलता येत नाही, भांडं बदलता येतं. १९९२ साली पुणे आणि चंदीगडच्या डॉक्टरांनी टॅनर यांच्यासह नेमका प्रतिबंधावरच निबंध लिहिला.

तोवर स्टील घरोघर पोहोचलं होतं. स्टेनलेस स्टीलचं श्रेय ज्या हॅरी ब्रेअर्ली यांना देतात, त्यांनी ते १९१३ साली शेफील्डमध्ये बनवलं, आणि टॅनर पुढे त्याच शेफील्डमध्ये प्राध्यापक झाले. नव्वदच्या दशकात ‘लिव्हर’चे रुग्ण घटत घटत जवळजवळ दिसेनासे झाले. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो आजार बहुधा पुस्तकातच वाचलेला असतो.

पितळ मात्र परत आलं आहे. लग्नाच्या रुखवतात, बारशाच्या भेटीत, आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचांत. कल्हईवाला तसा परतलेला नाही. म्हणून ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. पहिले सहा महिने बाळाला आईचंच दूध द्या. वरचं दूध सुरू केलंत की ते स्टीलच्या भांड्यात तापवा आणि स्टीलच्याच भांड्यात ठेवा. आजीचं पितळी पातेलं काढायचंच असेल, तर आधी त्याला कल्हई करून आणा, आणि तरीही त्यात बाळाचं दूध ठेवू नका.