'इन्मेट', 'पेशंट', 'रेझिडंट' : इलिनॉय राज्याच्या एका अधिनियमाची भाषा

अमेरिकेतील घटकराज्यांनी वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेविषयी केलेल्या कायद्यांचा विचार बहुधा वैद्यकाच्या किंवा अर्थकारणाच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात इलिनॉय राज्याच्या १९७९ च्या शुश्रूषागृह अधिनियमाकडे त्याच्या भाषेच्या वाटेने पाहावयाचे आहे. एक खुलासा प्रथम केला पाहिजे. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की लहान खासगी रुग्णालय, पुष्कळदा प्रसूतिगृह, डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र अशक्त वृद्ध जेथे वर्षानुवर्षे, कित्येकदा अखेरपर्यंत राहतात, त्या संस्थेस हे नाव आहे. येथे 'शुश्रूषागृह' हा शब्द त्याच अर्थी योजिला आहे.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा अधिनियमाने गरजू वृद्धांसाठी राज्यांना केंद्रीय साहाय्य देऊ केले. परंतु सार्वजनिक संस्थेतील 'इन्मेट'साठी ते नाकारले. हा शब्द निर्धनगृहांच्या परंपरेतला. बंदिवानालाही तोच लावीत. निर्धनगृहे ओस पडावीत हा हेतू होता. घडले असे की, हाती रोख रक्कम आलेले अशक्त वृद्ध खासगी गृहांकडे वळले आणि कायद्यातील एका अपवादाने एका व्यवसायाच्या वाढीस हातभार लावला. १९५० च्या दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांपुरती ही बंदी सैल झाली व अशा संस्थांसाठी मानके ठरविणारे अधिकारमंडळ नेमणे राज्यांना भाग पडले. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या योजना आल्या. सरकारी पैसा आता उपचाराच्या नावाने येऊ लागला, आणि वृद्ध 'पेशंट' झाला. रुग्णाचे घर अन्यत्र असते, तो बरा होऊन तेथे परततो, हे या शब्दातले गृहीत शुश्रूषागृहात बहुधा खोटे ठरते.

इलिनॉयच्या अधिनियमाने 'रेझिडंट', म्हणजे रहिवासी, हा शब्द स्वीकारला. केवळ संस्थेत राहतो म्हणून रहिवाशाचा कायद्याने दिलेला कोणताही हक्क हिरावला जाणार नाही, हे त्याचे पहिले तत्त्व. तरीही व्याख्या वाचताना थबकावे लागते. रहिवासी म्हणजे वैयक्तिक अथवा वैद्यकीय शुश्रूषा घेणारी व्यक्ती, असे ती सांगते. नाव निवासाचे, व्याख्या मात्र रुग्णाचीच राहिली.

याहून बोलके आहे ते क्रियापदांचे रूप. स्वतःचे कपडे व वस्तू वापरणे, स्वखर्चाने आपला डॉक्टर ठेवणे, पत्रे व भेटीगाठी यांत अडथळा नसणे, हे हक्क सांगताना वाक्यरचना कर्मणी आहे. मराठीत ती अशी उतरेल : रहिवाशास आपल्या वस्तू वापरू दिल्या जातील. 'देणारा' कोण, हे वाक्य सांगत नाही. पण तो आहे, आणि किल्ल्या त्याच्याच हाती आहेत. उलट, छळ व हेळसांड यांना मनाई करणाऱ्या कलमात मालक, परवानाधारक, व्यवस्थापक, नोकर यांची कर्ते म्हणून स्पष्ट गणना आहे. नोकरांच्या कृत्याने वा हलगर्जीपणाने रहिवाशास इजा झाल्यास मालक व परवानाधारक जबाबदार, हे कलमही तसेच निःसंदिग्ध आहे. माझ्या मते अधिनियमाचे खरे बळ या कर्तरी वाक्यांत आहे, हक्कांच्या यादीत नव्हे.

पुढील झगडा याच वाक्यांभोवती झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मूळ कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ती घटनासंमत ठरविली. १९९५ मध्ये विधिमंडळाने ती काढून टाकली आणि प्रत्यक्ष नुकसान व वकिलाचा खर्च एवढेच ठेवले. दावा लावण्याचा हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक, असेही मूळ कायद्यात होते. प्रवेशाच्या दिवशी पुढे येणाऱ्या कागदांवर थकलेला वृद्ध किंवा त्याची मुलगी सही करते, हे कायदेकर्त्यांनी ओळखले असावे. परंतु या कागदांत लवादाचा करार असेल, तर केंद्रीय लवाद अधिनियमापुढे राज्याची ही मनाई टिकत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१० मध्ये दिला.

२०१५ मध्ये इलिनॉयने रहिवाशाच्या खोलीत कॅमेरा लावण्याविषयी निराळा कायदा केला. तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. खोलीतील सोबत्याची संमती त्यात आवश्यक मानली आहे. आणि हक्क सांगणारे वाक्य पुन्हा १९७९ च्याच घडणीचे आहे : रहिवाशास कॅमेरा लावू दिला जाईल.