पेटी आणि पडदा

गेल्या चैत्रांत आम्ही बोईसरास भाच्याकडे दोन दिवस राहिलों. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत तो पाळीनें काम करतो. स्टेशनापासून थोड्या अंतरावर एका चाळींत त्याची खोली आहे. खोली कसली, चौघांच्या वळकट्या टाकण्यापुरती जागा! सोबत्यांपैकीं एक खानदेशचा, एक बिहारचा, एक ओडिशाचा. सकाळीं बाजारांतून परत येऊन पाहतों तों रात्रपाळी करून आलेला एक जण तोंडावर पांघरूण घेऊन निजलेला, दुसरा भात शिजवीत असलेला, तिसरा गांवाकडे फोनवर मोठ्यानें बोलत असलेला. आणि या गलबल्यांत आमचा भाचा भिंतीला टेकून, डोळ्यांवर एक काळी पेटी बांधून, ध्यानस्थ योग्यासारखा बसलेला. मधूनच तो एकटाच हंसे. आमची चाहूल लागतांच त्यानें ती पेटी उतरवली आणि आमच्या हातीं देत म्हणाला, "मामा, लावून बघा. अख्खं थिएटर आहे आंत."

हाच तो व्हीआर चष्मा. आम्हीं तो लावला मात्र, खोली, शेगडी, निजलेला मनुष्य, सारें नाहींसें झालें. समोर काळोखांत भव्य पडदा आणि त्यावर चालू असलेला चित्रपट. मान वळवावी तिकडे खुर्च्यांच्या रांगा. नाकावर पेटीचा भार पडत होता, कपाळावरून घाम ओघळत होता. तरी तो पडदा खोटा वाटेना. खटकली ती एकच गोष्ट. त्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकट्यानें पाहावयाच्या यंत्रांत खुर्च्या हव्यात कशाला? भाचा तर शेजारून सारखा विचारीत होता, "काय दिसतंय, मामा? आतां काय दिसतंय?"

घरीं परतल्यावर आम्ही या यंत्राची कुळकथा पाहूं लागलों, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. चित्र दाखविण्याच्या रीती मुळांत दोनच. एक पेटीची आणि दुसरी पडद्याची. पेटींत एकानें डोकवावयाचें, पडद्याकडे अनेकांनीं मिळून पाहावयाचें. या दोन रीतींची चढाओढ गेलीं पावणेदोनशें वर्षें चालू आहे.

पेटीचें शास्त्र १८३८ सालचें. मनुष्याच्या दोन डोळ्यांत सुमारें साडेसहा सेंटिमीटरांचें अंतर असतें. त्यामुळें एकाच वस्तूचीं किंचित् निराळीं अशीं दोन चित्रें मेंदूकडे जातात आणि त्यांच्या मिलाफांतून खोलीचें ज्ञान होतें. व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें हें तत्त्व ओळखून दोन चित्रें व दोन आरसे यांच्या योगानें सपाट रेखाटनाला खोली आणून दाखविली. पुढें ब्रूस्टर यानें आरशांच्या जागीं भिंगें बसवून सुटसुटीत पेटी बनविली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत ती मांडली गेली आणि थोड्याच वर्षांत सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. आजच्या चष्म्यांतही दोन भिंगें आणि दोन चित्रेंच आहेत. नवें आहे तें इतकेंच कीं, चित्रें हालतात आणि मान वळेल तसा देखावा वळतो.

पडद्याचा मार्ग आपल्याकडे अधिक जवळच्या माणसांनीं चोखाळला. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें दीपचित्रांचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, मागें दिवा, पुढें पडदा आणि जोडीला निवेदन, असा तो थाट होता. कल्याण आणि पालघर हे मुलूख तेव्हां एकाच ठाणें जिल्ह्यांत होते. पालघरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. म्हणजे सिनेमा या देशांत येण्यापूर्वींच या पट्ट्यांतील एका मराठी मनुष्यानें लोकांना पडद्यासमोर एकत्र बसण्याची गोडी लावली होती.

यानंतर हालत्या चित्रांचा शोध लागला, आणि पहिली बाजी पेटीनेंच मारली. १८९४ सालीं न्यूयॉर्कमध्यें एडिसनच्या पेट्यांचें दुकान उघडलें. पैसे देऊन वांकावयाचें, भोंकाला डोळा लावावयाचा आणि एकट्यानें चित्र पाहावयाचें. एडिसनचा हिशेब व्यापाऱ्याचा होता: एका पडद्यानें शेंकडों लोकांचें काम भागलें, तर पेट्या घेणार कोण? तो हिशेब दीड वर्षांत चुकला. २८ डिसेंबर १८९५ रोजीं ल्यूमिएर बंधूंनीं पॅरिसमध्यें पडद्यावर चित्रें दाखविलीं आणि ७ जुलै १८९६ रोजीं तीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत आलीं. तिकीट एक रुपया होतें. त्या काळच्या मानानें तें थोडकें नव्हे. मराठी माणसानेंही या कलेला लौकरच हात घातला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनीं १८९९ सालीं मुंबईंतील एका कुस्तीचें चित्रीकरण केलें. पुढें दादासाहेब फाळके यांनीं या विद्येच्या ध्यासापायीं डोळ्यांना इतकें शिणविलें कीं कांहीं काळ त्यांची दृष्टिच गेली. ती परत आल्यावर त्यांनीं केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लागला. त्यानंतर जत्रेजत्रेंतून सिनेमाचे तंबू उभे राहिले आणि पेटी मुलांच्या खेळण्यांत जमा झाली.

पडदा कां जिंकला? चित्र मोठें दिसे, हें एक कारण झालेंच. परंतु दुसरें कारण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. शेजारचा मनुष्य हंसला कीं आपलें हंसें दुणावतें, शेजारची बाई डोळे पुसूं लागली कीं आपलाही कंठ दाटतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील बोहाडा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें सांगावयास नको. तेथेंही एक जण तोंडावर अवजड मुखवटा चढवितो. मुखवट्याच्या भोंकांतून त्याला स्वतःला फारसें दिसत नाहीं; पण संबळाच्या तालावर तो नाचत आला कीं साऱ्या गांवाला देव दिसतो. चष्म्याची तऱ्हा नेमकी उलटी: लावणाऱ्याला सारें विश्व दिसतें आणि बाकीच्यांना दिसतो तो केवळ एक झांकलेला चेहरा.

हरलेली पेटी कायमची गेली मात्र नाहीं. १९६२ सालीं हायलिग या अमेरिकनानें एकट्यानें बसून चित्र, वारा आणि सुगंध यांचा एकदम अनुभव घेण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. १९६८ सालीं सदरलंड यानें डोक्यावर चढवावयाचें यंत्र बनविलें. तें इतकें जड होतें कीं छतापासून टांगावें लागे, आणि त्यांत दिसत त्या नुसत्या प्रकाशाच्या रेषा. इकडे पडदाही लहान होत चालला होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, तेव्हां एका घरच्या संचासमोर सारी आळी बसे. पुढें घरोघरीं संच आले आणि त्यानंतर प्रत्येकाच्या मुठींत फोन आला. २०१४ सालीं गूगलनें पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगें यांत तोच फोन बसविण्याची युक्ति काढली, आणि ब्रूस्टरची पेटी थोड्या पैशांत कोणाच्याही हातीं आली.

यावरून पेटीला दोष देऊन मोकळें व्हावें, असें मनांत आलें होतें. परंतु भाच्याची खोली आठवते. तारापूरला १९६९ सालीं अणुवीज निर्माण होऊं लागली, कारखाने वाढले, आणि मच्छीमारांच्या व बागाईतदारांच्या या किनाऱ्यावर दूरदूरचे तरुण पाळीच्या भोंग्यावर जगूं लागले. त्यांना संगतीची वाण नाहीं. वाण आहे ती एकांताची. सुखवस्तु मनुष्याला एकांतासाठीं यंत्र लागत नाहीं, दार लावून घेतलें म्हणजे पुरे. आम्हीं भाच्याला विचारलें, "अरे, एकट्यानें बघण्यांत काय मजा?" तो म्हणाला, "मामा, इथं एकटं बसायला दुसरी जागा कुठाय?" या उत्तरावर आमच्यापाशीं प्रत्युत्तर नव्हतें. शिवाय पडद्याचें समाजसुखही आपण समजतों तितकें निर्भेळ नव्हतें. तिकिटाच्या दराप्रमाणें माणसें पुढें-मागें बसत, आणि एकट्या स्त्रीला त्या गर्दींत जाणें कित्येक वर्षें संकटच वाटे.

तथापि त्या रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ आतां आम्हांस लागतो. भाचा सांगतो कीं, कांहीं योजनांत दूरगांवच्या मित्राला त्या खुर्चीवर बोलावतां येतें. त्याची बाहुली शेजारीं बसते आणि त्याचें हंसणें कानीं पडतें. म्हणजे पेटी करणारांनाही शेजार सोडवला नाहीं. एडिसनला जें उमगलें नाहीं तें त्यांना उमगलें आहे: मनुष्याला एकांत हवा असतो तो विसाव्यापुरता, आणि जें पाहिलें तें कोणाला तरी सांगितल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं.

त्या दिवशीं दुपारीं निजलेला सोबती उठला तेव्हां पेटी हातोहात फिरूं लागली. ज्याच्या डोळ्यांवर ती असे तो मान वर करी, दचके, हंसे; आणि उरलेले तिघे त्याच्याभोंवतीं बसून, कोणी मराठींत, कोणी हिंदींत, एकच प्रश्न विचारीत होते. सकाळीं भाचा आम्हांस विचारीत होता तोच. चित्रगृहांत शेजाऱ्याला हा प्रश्न विचारावा लागत नसे.