बॉयकॉट: एका कॅप्टनचं आडनाव

सिनेमा असो, मोबाईल असो नाहीतर एखादा देश, दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी 'बॉयकॉट' करायची हाक आपल्या मोबाईलवर येतेच. पण हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे किती जणांना माहीत असेल?

गोष्ट १८८० सालची, आयर्लंडमधली. पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. आदल्या वर्षी पीक बुडालं होतं. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांवर अडून बसला. सप्टेंबरमध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच आठवड्यात लँड लीगचे नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्यावर हात उगारू नका. रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये त्याला एकटं पाडा. मेयोच्या लोकांनी हेच हत्यार कारभाऱ्यावर चालवलं. गडीमाणसं काम सोडून गेली. दुकानदार माल देईना, लोहार नाल ठोकेना, टपालसुद्धा बंद. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून ५० मजूर आले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस! सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्च झाले. डिसेंबरमध्ये बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

तिथले पाद्री जॉन ओ'मॅली यांना या प्रकाराला नाव हवं होतं. 'ऑस्ट्रसाइझ' हा जड शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही म्हणून त्यांनी 'बॉयकॉट' सुचवला, असं अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी लिहून ठेवलंय. वर्ष संपायच्या आत तो वर्तमानपत्रांत रुळला.

१९०५च्या वंगभंगानंतर हा शब्द आपल्या राजकारणात गाजला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर 'बहिष्कार' होता. म्हणजे विलायती मालाचा बॉयकॉट.

पण मराठीत बहिष्काराला आणखी एक, फार जुना अर्थ आहे: वाळीत टाकणं. १९२७ साली बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. दलितांनी हक्क मागितला की गावाने त्यांचं काम, दुकान, वाट बंद करायची, हे मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीनेही नोंदवलं.

वरवर कृती एकच: बोलू नका, विकू नका, कामाला जाऊ नका. फरक आहे तो दिशेचा. मेयोत कुळं मालकाविरुद्ध उभी होती आणि मालकाच्या माणसासाठी सरकारने फौज धाडली. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या कुटुंबासाठी कोण फौज धाडतो? जातपंचायतींचा हा जाच थांबवायला महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून पुढची हाक फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: समोरचा बलाढ्य आहे, की आपल्याच गल्लीतला हातगाडीवाला? पहिला बॉयकॉट असतो. दुसरं म्हणजे वाळीत टाकणं, त्याला हॅशटॅग लावला तरी.