दारचा झेंडू आणि भट्टीचा पाव



दसरा आला की आपल्या दारावर तोरण चढते. आंब्याची पाने आणि मधून मधून झेंडूची फुले. नांगराला झेंडूची माळ, शाळेतल्या सरस्वतीच्या चित्राला झेंडूची माळ, आणि आता ट्रॅक्टरला व एस.टी.च्या गाडीलाही तीच माळ. झेंडूवाचून दसरा ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. आणि त्याच सकाळी पुष्कळ घरांत चहाबरोबर काय असते? पाव, टोस्ट, नाहीतर बिस्किट. एक दारावर, एक बशीत.

ही दोन्ही मंडळी आपल्याकडे समुद्रापलीकडून आली. दोघांची वाट जवळ जवळ एकच, काळही पुष्कळसा एकच. पण एकाला आपण थेट देवघरात नेले आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे केले, तेही थोडेथोडके नाही, शेकडो वर्षे. असे का झाले, हे आज आपण पाहू.

प्रथम फुलाची गोष्ट. झेंडूचे माहेर मेक्सिको. तिथल्या जुन्या लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुले' असा होतो. एका फुलात पुष्कळ फुले, म्हणून हे नाव. आणि ते खरेच आहे बरे का. झेंडूची पाकळी उपटून पाहा, तिच्या बुडाशी एकेक काळी काडी असते. ती काडी म्हणजेच बी. स्पेनच्या लोकांनी १५२१ साली मेक्सिकोची राजधानी जिंकली आणि त्यानंतर तिकडची झाडे, फळे, फुले जहाजांतून जगभर निघाली. मिरची निघाली, पेरू निघाला, आणि झेंडूही निघाला.

झेंडू एकटा आला नाही. आपल्या लग्नमंडपात दरवळणारा निशिगंध, ज्याला आपण गुलछडीही म्हणतो, तोही मेक्सिकोचाच. तिन्हीसांजेला उमलणारी गुलबक्षी अमेरिकेची. देवळाच्या आवारात उभा असतो तो पांढरा चाफा, गावोगाव ज्याला देवचाफा म्हणतात, तोही अमेरिकेचा. आपला खरा जुना चाफा म्हणजे सोनचाफा. विहिरीच्या पाटाकडेची कर्दळ पाहा. शास्त्रज्ञांनी तिच्या नावात 'इंडिका' घातले, पण तीही अमेरिकेचीच. बारा महिने फुलणारी सदाफुली मादागास्कर बेटावरची. शेवंती चीनकडची. मग आपले घरचे कोण? मोगरा, जाई, जुई, पारिजातक, अबोली, कमळ. ही घरची मंडळी आणि ते सारे पाहुणे आज एकाच अंगणात, एकाच पाण्यावर वाढतात. परडीत फुले पडली की कोण कुठले, हे कोणी विचारीत नाही.

झेंडू इतका पसरला याचे कारण सोपे आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. दसऱ्याचे वाळलेले तोरण परसात टाकले की पुढच्या पावसाळ्यात तिथे रोपे उगवतात. एका घरचे बी ओंजळभर दुसऱ्या घरी जाते. माळ्याच्या हातून फूल आले, कोळणीच्या टोपलीतून आले, की बाजारात गोणीतून आले, ते देवाला चालते. वर पाण्याचे दोन थेंब शिंपडले की झाले.

आता पावाकडे वळू. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतला. पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, असे जे सांगतात ते खरे नव्हे. पण त्या सांगण्यामागची नाकमुरड मात्र खरी होती, हे लक्षात ठेवा. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही आले. आपली चावी, आपला पगार, आपले घमेले, आपला काजू, आपला हापूस, हे सारे शब्द त्या बोलीतून आले. तसाच पाव.

या लोकांना जेवायला गव्हाची भाकर लागे, आणि तीही फुगलेली. ती फुगते कशी? कणीक आंबवावी लागते. आंबवण म्हणजे काय, तर त्यात अतिसूक्ष्म जीव असतात. ते पिठातली साखर खातात आणि वायू सोडतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ सालापासून प्रयोग करून आंबण्यामागे हे जिवंत जीव आहेत, हे दाखवून दिले. पण गोव्यातल्या पाववाल्याने त्याच्या कितीतरी आधी आपली युक्ती काढली होती. त्याने माडाची सूर घेतली. सूर आपोआप आंबते, कारण ते जीव तिच्यात असतातच. सूर घालून मळलेले पीठ रात्रभर फुगायचे, आणि पहाटे लाकडे जाळून तापवलेल्या घुमटासारख्या भट्टीत पाव भाजून निघायचे. गोव्यात या पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात. त्याची कोंड्याची पोळी म्हणजे पोई, त्याची बांगडीसारखी काकणे, आजही तिथल्या गावांत सकाळी दारावर येतात.

इथे एक शंका येईल. आपल्या ज्वारी-बाजरीचा पाव का नाही झाला? कारण असे की, गव्हाची कणीक भिजवली की तिला चिवटपणा येतो. ओढली की ती रबरासारखी ताणते. आतला वायू त्या चिवट जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्या पिठात हा चिवटपणा नाही. वायू निसटून जातो. म्हणून आपली भाकरी थापायची आणि तव्यावर भाजायची. आणि महाराष्ट्रात गहू तर जुन्या काळी सणासुदीचे धान्य, पुरणपोळीपुरता यायचा.

पण म्हणून भाजण्याची कला आपल्याला ठाऊकच नव्हती, असे मुळीच नाही. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात. खानदेशात बट्टी आहे. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याखाली विस्तव आणि वर झाकणावरही निखारे ठेवतात. वरून आच, खालून आच. भट्टीतही याहून निराळे काय असते? पीठ आपल्या ओळखीचे, आंबवण ओळखीचे, विस्तवही ओळखीचा. मग पाव परका का ठरला?

तो परका ठरला तो भाजणाऱ्याच्या हातामुळे. पाव भाजणारा ख्रिस्ती, त्याने पाणी घालून पीठ मळलेले, आणि त्यात ताडामाडाची सूर. आपल्या समाजात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे पाणी प्यावे, यावर माणसाची जात टिके किंवा जाई. वसई आणि गोव्याकडे एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत, की विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारा सारा गाव बाटला. ही गोष्ट अक्षरशः घ्या किंवा घेऊ नका. पण तिचा अर्थ काय होतो, तो पाहा. पावाच्या तुकड्याने माणूस बदलत नाही. त्याचे शेत तेच, त्याची बोली तीच. शेजाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, म्हणून तो दूर गेला. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, राज्य बदलले, पण पावाची भीती मागे राहिली. गंमत अशी की, वसईच्या वाड्यांतली फुले मुंबईच्या बाजारात जातात आणि तिथून घरोघरच्या देवांवर चढतात. त्या फुलांना मात्र कोणी कधी अडवले नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत ही भीती मोडायचे काहींनी ठरवले. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्यात पुढाकार होता दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा. शिक्षकबंधूंना हे नाव सांगायला नकोच. मराठीचे व्याकरण लिहिणारे ते दादोबा. या सभेत दाखल व्हायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज वाचून हसू येते, पण तेव्हा तो घास म्हणजे घरदार, सोयरीक, वडिलांचा जिव्हाळा, सारे पणाला लावणे होते. म्हणूनच सभा गुप्तपणे भरे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर पडण्याची धास्ती पसरली आणि सभा मोडली. पण ती विझली नाही. १८६७ साली जी प्रार्थनासमाज उभी राहिली, तिच्यात दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग अग्रभागी होते.

दुसरी हकीकत पुण्याची. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली मोठी माणसे गेली होती. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोण कोण हजर होते, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात एकच गदारोळ उठला. त्या नावांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. एरवी या दोघांची मते जुळणे कठीण. पण त्या चहाने दोघांनाही एका पंक्तीला बसवले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि अखेरीस दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. एवढी मोठी माणसे, एवढी विद्वत्ता, पण पेलाभर चहाने त्यांना हिशेब द्यायला लावला.

आणि तिसरी हकीकत, जिच्यात फुलाची आणि पाण्याची गाठ पडते. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले, म्हणून त्यांना फुले म्हणू लागले. या घरची फुले पेशव्यांच्या वाड्यात जात होती. पण त्याच पुण्यात कित्येक माणसांना सार्वजनिक हौदाचे पाणी मिळत नव्हते. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. पुढे १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन्ही वेळा प्रश्न तहानेपुरता नव्हता. माणसाचा हात माणसाला चालतो की नाही, हा प्रश्न होता.

आता पाव घरात आला कसा? उपदेशाने थोडा आला, आणि पोटापाण्याच्या धबडग्याने फार आला. मुंबईच्या गिरणीत पाळीला जाणाऱ्या माणसाला चूल पेटवायला सवड कुठली? गोव्याकडचे पाववाले, मग इराणी बेकऱ्या, यांनी त्याची न्याहारी सांभाळली. घराघरांतल्या बायकांनी तर निराळीच वाट काढली. दिवाळीआधी किंवा सुटीत रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून त्या भट्टीवर नेत आणि आपल्या डोळ्यांदेखत नानकटाई भाजून आणत. पीठ घरचे, तूप घरचे, भट्टी मात्र त्याची. अशा रीतीने उंबरा हळूच ओलांडला गेला. कोणी सभा भरवली नाही की ठराव केला नाही. १९६६ च्या सुमारास मुंबईत दादरला वडापावाची गाडी लागली असे सांगतात. आज आपण त्याला महाराष्ट्राचा खाऊ म्हणतो. त्यातला पाव पोर्तुगीज नावाचा, बटाटाही पोर्तुगीज नावाचा, आणि मिरची अमेरिकेची. आता यात परके काय उरले?

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या मेक्सिकोत झेंडू जन्मला, तिथे दरवर्षी नोव्हेंबरच्या आरंभी लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, आपल्याकडच्या पितृपक्षासारखी. घरात एक वेदी मांडतात. तिच्यावर झेंडूची फुले वाहतात आणि त्या दिवसासाठी मुद्दाम भाजलेला गोड पाव ठेवतात. तिथे फूल मूळचे आणि पाव परदेशाहून आलेला. पण दोघे एका वेदीवर शेजारी शेजारी बसतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा इतिहास मुलांना नुसता सांगू नका, करायला लावा. प्रत्येक मुलाला अंगणातली पाच फुले आणायला सांगा, आणि जगाच्या नकाशावर प्रत्येकाच्या माहेरी एकेक टाचणी टोचा. शाळेच्या कडेला वाफा काढून आषाढात झेंडूची रोपे लावली, तर दसऱ्याला फुले हाती येतात. शेतकरी बांधवांनी टोमॅटो-वांग्यांच्या ओळींमधून झेंडू लावून पाहावा. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना तो आवर घालतो. आणि घरी भट्टी नसली तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरून त्यावर तिवई ठेवा, दह्यात भिजवलेला गोड रवा डब्यात घालून तिच्यावर ठेवा, झाकणावर निखारे घाला. वर्गातल्या साऱ्या मुलांचे हात त्यात लागू द्या, आणि तो साऱ्यांना एकाच ताटातून वाटा.

झेंडूला आपण कधी त्याची जात विचारली नाही, म्हणून तो आपला सण होऊन बसला. पावाला विचारली, आणि त्यापायी घरे दुभंगली, माणसे दुरावली. हीच चूक पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये, एवढे आपल्या मुलांनी इतिहासातून घेतले तरी पुष्कळ झाले.