बेंजो, लाडे आणि एक पुसलेली कॅसेट

स्नेहमेळाव्याच्या ग्रुपवर गेले दोन महिने एकच वाद चालू आहे: संध्याकाळी डीजे ठेवायचा की बेंजो पार्टी? माझं मत मी शेवटी सांगते. मी संगीत शिकलेली नाही, नोकरी सॉफ्टवेअरची. पण या वादामुळे आपल्या भागातल्या गाण्यांचा इतिहास शोधायला लागले आणि त्यात मला आपला अख्खा वर्गच सापडला.

आठवून बघा. आपल्या एकेका बाकावर तीन तऱ्हेची गाणी बसलेली असायची. उल्हासनगरच्या कॅम्पातून येणाऱ्यांच्या घरी लग्नात ‘लाडे’ व्हायचे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरी नि विम्कोवाल्यांकडे सकाळी रेडिओवर भक्तिगीतं आणि संध्याकाळी विविध भारती. बदलापूरकडच्या गावांतून येणाऱ्या मुली हळदीची आगरी गाणी गुणगुणायच्या, पण वर्गात कुणी आलं की गप्प व्हायच्या. तेव्हा हे सगळं इतकं रोजचं होतं की त्याला काही इतिहास असेल, असं डोक्यातही आलं नाही.

कॅम्पापासून सुरू करते. दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्कराची छावणी म्हणजे ‘कल्याण कॅम्प’. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळजवळ एक लाख माणसं तिथल्या बराकींत राहिली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं उल्हासनगर झालं. घरं, दुकानं, जमिनी मागे राहिल्या. गाणी मात्र सोबत आली. त्यांच्यात ‘भगत’ नावाचा प्रकार आहे. पायात घुंगरू बांधून गायचं, नाचायचं आणि मधेच कथा लावायची. आपल्या कीर्तनाचा चुलतभाऊच म्हणा. या परंपरेतले संत कंवरराम यांची 1939 मध्ये सिंधमधल्या रुक स्टेशनवर गोळ्या घालून हत्या झाली. कॅम्पातल्या दुकानांत तो पगडीवाला फोटो असायचा ना, तो त्यांचा. प्रा. राम पंजवाणी मातीच्या मटक्यावर ताल धरून गायचे. भगवंती नावाणींच्या आवाजातले लाडे घराघरांत पोचले.

आणि प्रत्येक सिंधी वरातीत हमखास वाजणारं ‘दमादम मस्त कलंदर’? ती मुळात सिंधमधल्या सेहवानच्या लाल शहबाज कलंदर या सूफी पीराच्या स्तुतीतली रचना. सिंधी हिंदू ती झुलेलालच्या भक्तीत गातात. 1970 च्या दशकात बांगलादेशच्या रुना लैलांनी ती साऱ्या उपखंडात नेली. म्हणजे आपण ज्याला आज ‘फ्यूजन’ म्हणतो, ते या लोकांनी निर्वासित म्हणून येतानाच सोबत आणलं होतं.

आता इकडची बाजू. आगरी-कोळी लग्नात ‘धवलारीण’ असते. मांडव, हळद, लग्न, प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ. पूर्वी बऱ्याच ठिकाणी भटजी नसायचेच, धवलारणीच्या गाण्यांवरच लग्न लागायचं. या गाण्यांना ‘धवले’ म्हणतात. मराठीच्या आद्य कवयित्री महदंबा यांच्या 13 व्या शतकातल्या लग्नगीतांचं नावही ‘धवळे’च. मराठीच्या पुस्तकात आपण पाच मार्कांसाठी महदंबा पाठ केली. त्याच घराण्यातलं गाणं एरंजाडच्या नि वालिवलीच्या मांडवात अजून गायलं जातं, हे आपल्या लक्षातच आलं नाही.

या दोन बाजूंना जोडणारं वाद्य म्हणजे बेंजो. त्याची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली. 1912 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं. जपानी तंतुवाद्याला त्यांनी टाइपरायटरसारखी बटणं बसवली. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पडदे शोधायची कटकट नाही, सूर नेमका लागतो. स्वस्त आणि शिकायला सोपं. बंदरांवाटे ते आपल्याकडे आलं आणि ‘बुलबुलतरंग’ झालं. मकरान-कराचीकडे त्याला ‘बेंजू’ म्हणतात, आपल्याकडे ‘बेंजो’. खरा अमेरिकन बँजो वेगळाच, त्याचं मूळ आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वाद्यांत. म्हणजे वाद्य जपानी, नाव आफ्रिकी-अमेरिकी, आणि वाजतंय कुठे, तर कानसईच्या गणपतीपुढे! आपल्याकडच्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर अँप्लिफायरला जोडली, बाजूला ढोल-ताशा घेतला आणि पुढे ऑक्टोपॅडही आला. आगरी हळदीत वाजणारी तीच पार्टी दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या सिंधी वरातीत. गिऱ्हाईक बदललं की गाणं बदलायचं, बोटं तीच. रात्रभर अशी गाणी बदलणारी बोटं आपोआपच एका गाण्याची हरकत दुसऱ्यात घालतात. आपल्याकडचं मिश्रण मला वाटतं असंच झालं, पोटापाण्यातून.

कल्याणच्या शिंदे घराण्याचंही तेच. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कव्वालीच्या मंचावर तापलेला. त्याच गळ्यातून त्यांनी भीमगीतं गायली आणि विठ्ठलाची गाणीही. आषाढीला प्रत्येक चौकात वाजणारा तो आवाज मूळचा कव्वालाचा आहे, हे किती जणांना जाणवतं? 14 एप्रिलला वस्त्यांमध्ये रात्र रात्र कव्वालीचे सामने व्हायचे, वामनदादा कर्डकांची गीतं गायली जायची. 2004 मध्ये वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही गेले. तोवर आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी ते गाणं कॅसेटवर नेलं होतं. 1980 च्या दशकातला आनंद शिंद्यांचा ‘पोपट’ आपल्या आईवडिलांना आवडायचा नाही आणि आपल्या गल्लीतून जायचाही नाही.

हे घडलं कॅसेटमुळे. तबकडीच्या काळात गाणं निघणार की नाही, हे एकदोन मोठ्या कंपन्या ठरवायच्या. कॅसेट काढायला भांडवल कमी लागायचं. त्यामुळे वेसावकर मंडळींची कोळीगीतं, भीमगीतं, सिंधी लाडे, सगळ्यांना जागा मिळाली. ज्यांची भाषा रेडिओवर क्वचित ऐकू यायची, त्यांची गाणी टपरीवर मिळू लागली. शिवाय कोऱ्या कॅसेटवर निवडक गाणी भरून देणारी दुकानं होतीच. आपण पानभर यादी द्यायचो. त्यात लता, कव्वाली, ‘रोजा’ आणि कोळीगीत एकाखाली एक असायचं. प्लेलिस्ट हा शब्द यायच्या आधीच आपण ती करत होतो.

मग 1995 आलं. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’. संगीत बिद्दूचं, बंगळुरूमध्ये वाढून इंग्लंडला गेलेला आणि 1974 मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ने जग नाचवलेला माणूस. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद ऐकत मोठे झालेल्या आपल्याला ते गाणं फारच आपलं वाटलं. दहावीच्या गॅदरिंगला आपण त्यावरच नाच बसवला, कॅम्पातून आणलेल्या जीन्स घालून. फोटो स्मरणिकेत असेलच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘ऐका दाजीबा’ने मराठी गाणं पॉपच्या कपड्यांत आणलं. अजय-अतुल यांनी हलगी आणि व्हायोलिनचा ताफा एकत्र बसवला. 2016 च्या ‘सैराट’साठी त्यांनी अमेरिकेत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. 2024 मध्ये जळगावकडच्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ देशभर वाजली. आगरी-कोळी गाणी यूट्यूबवर आली आणि ज्या बोलीला शाळेत हसलं जायचं, त्या बोलीतल्या गाण्यांवर आता सगळ्या महाराष्ट्राच्या हळदी नाचतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण एक गोष्ट खटकते. लॉकडाऊनमध्ये मी गाणी जोडायचं सॉफ्टवेअर शिकले. त्यात पहिला प्रश्न असतो: मिनिटाला किती ठोके? तो आकडा दिला की पडद्यावर समान चौकटी येतात आणि प्रत्येक सूर त्यात बसवायचा. कोळीगीताचा सहा मात्रांचा डुलता ठेका बसतो. लाडे बसतात, ढोलकीवर गायलेले असतात. भीमगीत, कव्वाली सगळं बसतं. धवला बसत नाही. तो वाद्याशिवाय गातात. हळद लावणाऱ्या बायका जास्त असल्या तर ओळ लांबते, कमी असल्या तर आटोपते. धवलारणीचा श्वास हेच त्याचं माप. म्हणून त्याचा रिमिक्स होत नाही. म्हणजे मिश्रणात सगळंच येतं असं नाही. ज्याला ठेका आहे ते येतं. बाकीचं दाराबाहेर राहतं, आणि बाहेर राहिलंय हे आत नाचणाऱ्यांना कळतही नाही.

हे मला आधी कळायला हवं होतं. गॅदरिंगसाठी गाणी निवडायला बाईंनी आपली पाच जणांची समिती केली होती, मी त्यात होते. टू-इन-वनवर सगळ्यांची गाणी टेप केली. बदलापूरकडच्या आपल्या एका मैत्रिणीने आजीकडून शिकलेला धवला पूर्ण म्हटला, सात-आठ मिनिटं. मी म्हटलं, “याला ठेकाच नाही, नाच कसा बसवणार?” बाकीचे हसले. ती काही बोलली नाही. पुढे आपल्या नाचाचे कपडे उसवून नीट करून दिले ते तिनेच.

‘मेड इन इंडिया’ भरून घ्यायला मी तीच कॅसेट दुकानात नेली. नवीन कॅसेटचे पैसे वाचले असते. दुकानदार काकांनी लावून बघितली आणि विचारलं, “बेटा, इसमें किसी का गाना है. मिटा दूँ?” मी हो म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या हळदीला गेले. मध्यरात्रीपर्यंत बेंजो दणाणत होता, मीही नाचले. पहाटे वाद्यं थांबली तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, “आता एक धवला होऊ दे.” गावातली धवलारीण वारून बरीच वर्षं झालेली. मैत्रिणीने सुरुवात केली, दोन कडवी म्हटली आणि थांबली. म्हणाली, “पुढचं आजीला यायचं.”

हा लेख देण्याआधी मी तिला फोन करून वाचून दाखवला. कॅसेटचं तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटायचं ती बाईंकडे असेल. मागायला लाज वाटायची.” आणि नंतर, “ठेका नाही म्हणालीस ते खरंच होतं गं. ते नाचायचं गाणं नव्हतंच.”

तर माझं मत बेंजोला. तो या मातीतला आहे, भले जपानहून आला असेल. फक्त जेवणाआधी अर्धा तास सगळी वाद्यं बंद ठेवू या. ज्यांच्या घरी लाडे, धवले, ओव्या, भीमगीतं, पाळणे येणारी आई, सासू, आत्या असेल, त्यांनी त्यांना मेळाव्याला घेऊन या. येणं शक्य नसेल तर घरीच फोनवर रेकॉर्ड करून आणा. अर्धवट आठवत असेल तरी चालेल. एकीचं पहिलं कडवं नि दुसरीचं तिसरं असं जुळतही जाईल. सगळं एका ठिकाणी नीट नावं घालून जपायचं काम माझं. त्यावरून काही पुसलं जाणार नाही, एवढी हमी देते.

मैत्रीण तिची दोन कडवी म्हणणार आहे. फोन चार्ज करून या.