खोबण आणि खिसा : जोडून घेतलेल्या संगणकाचा इतिहास

जुना संगणक मोडीत न काढता त्यातला एखादा भाग बदलायचा आणि नव्या खेळासाठी तो पुरेसा करून घ्यायचा, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. हा इतिहास सांगताना भर बहुधा वाढत्या वेगावर दिला जातो. परंतु मोजके पैसे घेऊन भाग निवडणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर निर्णायक गोष्ट वेगळीच ठरते. मदरबोर्ड ही सर्व भागांना जोडणारी मुख्य पाटी असते, आणि प्रोसेसर, मेमरी व कार्डे तिच्यावरच्या खोबणींत बसतात. या खोबणींचा आकार आणि त्यांतून जाणाऱ्या विद्युत्‌संकेतांची पद्धत जोवर कायम राहिली, तोवर एकच भाग बदलून काम भागले. खोबण बदलली की प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड, त्याच्यापाठोपाठ मेमरी आणि प्रसंगी वीजपुरवठ्याचा डबादेखील बदलावा लागला. काटकसरीने केलेल्या अपग्रेडचा इतिहास त्यामुळे प्रामुख्याने खोबणींचाच इतिहास आहे.

जादा कार्डे बसवण्यासाठी मोकळ्या खोबणी ठेवण्याची कल्पना १९७७ सालच्या ॲपल टू या संगणकातही होती. मात्र तिला सार्वत्रिक रूप आले ते आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेल्या पर्सनल काँप्युटरमुळे. हे यंत्र लवकर बाजारात आणण्यासाठी कंपनीने इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर आणि इतर अनेक भाग बाहेरून घेतले, पाटीवर पाच खोबणी ठेवल्या आणि यंत्राची विद्युत्‌रेखाटने तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली. संगणक सुरू होताच सर्व भागांची ओळख पटवून देणारी बायोस ही मूळ आज्ञावली तेवढी स्वामित्वहक्काने बांधलेली राहिली. १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने मूळ आज्ञावली न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच काम करणारी नवी बायोस लिहवून घेतली आणि १९८४ मध्ये फीनिक्स कंपनीने अशी बायोस इतरांना विकायला काढली, तेव्हा सुसंगत संगणक कोणालाही बनवता येऊ लागला. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस टू या मालिकेतून मायक्रो चॅनेल ही परवान्याने बांधलेली नवी खोबण आणली, पण ग्राहकांनी आधी घेतलेली कार्डे तिच्यात बसत नव्हती. प्रतिस्पर्धी नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये जुनी कार्डे स्वीकारणारा पर्याय पुढे केला आणि बहुसंख्य खरेदीदार मूळच्या खोबणीलाच धरून राहिले. हाती असलेला भाग पुढेही चालला पाहिजे, ही ग्राहकाची अपेक्षा एका बलाढ्य कंपनीच्या योजनेपेक्षा वरचढ ठरल्याचे हे पहिले मोठे उदाहरण म्हणावे लागेल.

भारतात आयबीएमने १९७८ मध्ये आपला कारभार आवरला होता आणि आयातीवरील निर्बंधांमुळे संगणक ही संस्थांनी घेण्याची वस्तू होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट काहीशी मोकळी केली, १९९१ नंतर ती रुंदावली, आणि १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक जागतिक व्यापार कराराचा सदस्य झाल्यावर संगणकाच्या बहुतेक भागांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. या बदलाचा प्रत्यक्ष लाभ घराघरांत पोहोचवला तो मुंबईत लॅमिंग्टन रोडने. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा आणि आता अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणवला जाणारा हा रस्ता ग्रँट रोड स्थानकाजवळून जातो. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग विकणारी दुकाने तेथे आधीपासूनच होती, आणि ट्रान्झिस्टर व रोधक सुटे विकणाऱ्या बाजाराला मदरबोर्ड आणि रॅम सुटी विकणे मुळीच परके नव्हते.

या बाजाराने ‘असेंबल्ड’ संगणक रूढ केला. गिऱ्हाईक आपला आकडा सांगे. दुकानदार कागदावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट आणि मॉनिटर अशा क्रमाने दर मांडून कोटेशन देई. तोच कागद घेऊन गिऱ्हाईक शेजारच्या दोन-चार दुकानांत फिरे, आणि पक्के बिल घ्यायचे की बिलाविना दर पाडून घ्यायचा, यावर शेवटची घासाघीस होई. बिल सोडणाऱ्याची वॉरंटीही बहुधा त्याबरोबरच सुटे, आणि हा व्यवहार स्वस्त वाटला तरी एक मदरबोर्ड बिघडताच महागात पडणारा होता. याहून घातक काटकसर एसएमपीएसच्या बाबतीत झाली. एसएमपीएस म्हणजे घरातील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतरित करणारा डबा. तो स्वस्त कॅबिनेटमध्ये बसवूनच येत असल्याने कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ क्वचितच असे, आणि त्याच्यावर छापलेले वॅट तो प्रत्यक्षात पेलेलच, याची हमी नसे. ग्राफिक्स कार्ड जसजसे वीजखाऊ होत गेले तसतसा हा न निवडलेला भागच सर्वांत दुर्बळ ठरू लागला.

खेळांसाठी वेगळे कार्ड घेण्याची प्रथा १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू ग्राफिक्स या कार्डाने बसवली. त्या वर्षी मेमरीचे भाव मोठ्या प्रमाणावर कोसळले नसते, तर चार मेगाबाइट मेमरी असलेले हे कार्ड घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आलेच नसते. ते फक्त त्रिमिती चित्रे रेखाटत असे. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यासाठी आधीचे कार्ड तसेच ठेवावे लागे, आणि मागच्या बाजूने एका आखूड केबलने जुन्या कार्डातले चित्र व्हूडूमध्ये व तेथून मॉनिटरकडे नेले जाई. ही रचना ओबडधोबड दिसली तरी खिशाला मानवणारी होती, कारण जुने काहीच वाया जात नव्हते आणि पीसीआय या प्रचलित खोबणीपलीकडे नवे काही लागत नव्हते.

प्रोसेसरच्या खोबणीचा संघर्ष मात्र याच सुमारास चिघळला. सॉकेट सेव्हन या खोबणीत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत असल्याने ग्राहकाला मदरबोर्ड न बदलता उत्पादक बदलता येत होता. इंटेलने १९९७ मध्ये पेंटियम टूबरोबर स्लॉट वन ही केवळ आपल्यापुरती, उभ्या खाचेसारखी खोबण आणली आणि ती मुभा संपवली. एएमडीने जुनीच खोबण अधिक वेगवान करून १९९८ मध्ये केसिक्स टू हा प्रोसेसर आणला, तेव्हा तो कमी खर्चात खेळणाऱ्यांचा स्वाभाविक आधार झाला.

इंटेलच्या बाजूने काटकसर करणाऱ्यांना त्याच वर्षी एक अनपेक्षित लाभ झाला. ऑगस्ट १९९८ मध्ये निघालेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा घाऊक दर १४९ डॉलर होता, तर त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम टूचा ६६९ डॉलर. सेलेरॉनचा वेग ठरवणारा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता. मदरबोर्डावरील बसचा, म्हणजे सामाईक संकेतमार्गाचा, वेग ६६ मेगाहर्ट्‌झ असल्यामुळे गुणाकार ३०० येई. तोच मार्ग १०० मेगाहर्ट्‌झवर नेला की गुणाकार थेट ४५० होई आणि यातले बहुसंख्य प्रोसेसर हा वेग सुखाने पेलत. त्यात पेंटियम टूची ५१२ किलोबाइट कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची तातडीची मेमरी, अर्ध्या वेगाने चाले, तर सेलेरॉनची केवळ १२८ किलोबाइट असली तरी पूर्ण वेगाने. म्हणून खेळांत दोघांमधले अंतर जवळजवळ मिटत असे. ॲबिट कंपनीच्या बीएच सिक्ससारख्या मदरबोर्डांत हा बदल बायोसमधूनच करता येई. ज्या मदरबोर्डांत ती सोय नव्हती तेथे प्रोसेसरच्या कडेवरील बी २१ या क्रमांकाच्या संपर्कपट्टीवर बारीक चिकटपट्टी लावली जाई. ती पट्टी ६६ चा संकेत देत असल्याने, ती झाकली गेली की मदरबोर्ड आपोआप १०० चा मार्ग धरी. एका नखाएवढ्या चिकटपट्टीने पाचशे डॉलरचा फरक भरून काढावा, असा प्रसंग या इतिहासात पुन्हा क्वचितच आला. १९९९ मध्ये इंटेलने स्वस्त प्रोसेसरांसाठी पुन्हा सपाट खोबण आणली, तेव्हाही स्लॉकेट नावाच्या छोट्या जोडपाटीमुळे नवे सेलेरॉन जुन्या उभ्या खाचेत बसवता आले.

खोबण स्थिर असूनही आकडा बिघडवणारी दुसरी शक्ती म्हणजे दूरदेशींच्या घटना. १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे चिपांच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या राळेच्या कारखान्यात स्फोट होऊन मेमरी महागली. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधील भूकंपानंतर ती पुन्हा महागली. २०११ च्या थायलंडमधील पुराने हार्ड डिस्कचे भाव चढवले. आभासी चलनांच्या खाणकामाने २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डे दुर्मीळ केली. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी असे खाणकाम आवश्यक न ठेवणारी पद्धत स्वीकारल्यावर ही मागणी ओसरली, आणि खाणीत राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली.

खोबणीच्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे २०१७ मध्ये शेजारी शेजारी उभी राहिली. इंटेलने त्या वर्षी आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले, तेव्हा खोबण पूर्वीइतक्याच, ११५१ संपर्कबिंदूंची राहिली, पण विजेच्या जोडण्या बदलल्यामुळे आदल्या पिढीच्या मदरबोर्डावर ते अधिकृतपणे चालेनासे झाले. दिसायला सारखी खोबण पाहून केलेली खरेदी फसू शकत होती. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांसाठीची एएम फोर ही खोबण मात्र पिढ्यानुपिढ्या टिकली, आणि एप्रिल २०२२ मध्ये निघालेला, ९६ मेगाबाइट कॅशमुळे खेळांत विशेष तेज असलेला रायझेन ७ ५८००एक्सथ्रीडी हा प्रोसेसर बायोसच्या नव्या आवृत्तीनिशी २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवरही बसवता आला. कंपनीने सुरुवातीला जुन्या मदरबोर्डांना ही सोय नाकारली होती आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर ती दिली, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने अडथळा खोबणीतून काढून आज्ञावलीत नेला : पहिल्या पिढीचे रायझेन तिच्या मान्य यादीत नाहीत, आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तरीही एएम फोरचा मदरबोर्ड असलेल्याला मेमरी, कार्ड, एसएमपीएस यांतले काहीही न बदलता, बायोस अद्ययावत करून आणि केवळ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर घेऊन ही अट पुरी करता येते.